शेऱ्याचा रकाना

गाडी त्यांनी कडुनिंबाखाली लावली.
बंदुका गाडीतच ठेवल्या,
हे त्यातल्या त्यात बरं.
तिघे होते. एकाचे बूट नवे.
आईनं बाजेवर वाळत घातलेली भेंडी उचलली,
जागा केली.
मी कॉफीत सुंठ कुटून घातली,
पाहुण्यांना घालतात तेवढीच.

पत्र राजधानीतून आलेलं नव्हतं.
राजधानी कुणाची, हेच ठरायचं होतं अजून.
शिक्का मात्र होता, ओला वाटावा इतका निळा.
पाटबंधारे मंत्री : अब्दुलगय्यूम वद इद्रीस.
बाबांचं नाव एवढं ठळक छापलेलं
मी पहिल्यांदाच पाहिलं.
खोटं कशाला सांगू, आवडलं मला.

धरणावरून निवृत्त झाल्यापासून
बाबा नदीतल्या पट्टीवरचा आकडा वाचतात
दिवसातून तीनदा, आणि वहीत लिहितात.
कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही.
निळी नाईल पावसात गढुळते, फुगते,
उन्हाळ्यात हाडं दाखवते,
आणि पाण्यावरून भांडण झालं की
दोन्ही काठांवरची माणसं
गाढवं आमच्या दाराशी बांधून म्हणतात,
उस्ताद, वही काढा.

नव्या बुटांचा माणूस म्हणाला,
"तुमच्या शब्दावर दोन्ही काठ चालतात.
आम्हाला तेवढंच हवंय."
"काय, काठ?" बाबांनी विचारलं.
"शब्द."

तेवढ्यात सहा वाजले.
"माफ करा," म्हणाले, आणि उतरले नदीकडे.
सेनापतीची माणसं
एका आकड्यासाठी वीस मिनिटं खोळंबली.
माशी बसली कपावर, कुणी हाकलली नाही.

परत आले, जलाबियाची कड भिजलेली.
आधी वही. मग पत्र,
आलं होतं त्याच घड्यांवर मिटलं,
त्यांच्या कपाखाली सरकवलं.
"पश्चिमेचा कालवा बंद करायचाय ना तुम्हाला?"
कुणी बोललं नाही.
"सही करणारा हात मिळेल. हा नाही.
कॉफी घ्या अजून, गार होतेय."

रात्री आई एवढंच म्हणाली,
"इन्शुलिनच्या दोन कुप्या उरल्यात."
अंधारात बाबांची बाज करकरली.
मला वाटलं, उठतील, गाडीमागे धावतील.
त्यांनी फक्त कूस बदलली.

खुर्ची बुशरानं घेतली.
बुशराकाका, बाबांबरोबर नदी पोहून जायचा तो,
मगरीच्या पैजेवर.
रेडिओवर नाव आलं तेव्हा मी थुंकले.
आठवड्यानं एक खोकं आलं,
बर्फाचं पाणी झालेलं, आत अकरा कुप्या.
चिठ्ठी नाही.
बाबांनी त्या दोनदा मोजल्या,
ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाच्या बुडाशी ठेवल्या.
परत पाठवल्या नाहीत. आभारही नाहीत.

मग कालवा बंद झाला.
ज्वारी उभ्या उभ्या कागद झाली.
पश्चिमेची माणसं आली, या वेळी गाढवांशिवाय.
"तुम्ही असता तर, उस्ताद?"
बाबांनी वही पुढे केली.
एका म्हातारीनं ती भिरकावली अंगणात.
"आकडे खाऊ का?"
बाबांनी उचलली. धूळ झटकली नाही.

आता पट्टी मी वाचते.
बुशरा कुठल्या देशात आहे, कुणी सांगत नाही.
आई आहे.
सकाळी ती पोटाची चिमट धरते, सुई टोचते,
आणि मी दुसरीकडे बघते.

त्या दिवशीचं पान मी कितीदा काढलंय.
सकाळ, दुपार, संध्याकाळ,
तिन्ही आकडे नेहमीच्याच अक्षरात.
शेऱ्याच्या रकान्यात : पाहुणे. कॉफी.
आणि खाली, दुसऱ्या शाईत,
कधीतरी नंतर लिहून
गिरगटून टाकलेला एक शब्द.
उन्हासमोर धरलं
की मागच्या पानावरची पाण्याची उंची दिसते.
शब्द नाही लागत.